पिळलेला वारा

त्या बेटाच्या मधोमध एक डोंगर होता. म्हैस पाण्यात बसावी तसा बसलेला, उठायचं नाव नाही. पावसाळ्यात समुद्रावरनं वारा यायचा तो त्याच्या एका कुशीवर आदळायचा आणि अंगातलं सगळं पाणी तिथंच सांडून मोकळा व्हायचा. त्यामुळं बेटाच्या दोन बाजू झाल्या होत्या. ओली आणि सुकी. ओल्या बाजूला चपलेला बुरशी यायची, भिंतीला शेवाळ यायचं, पलंगाच्या पायाला पालवी फुटायची तेवढी राहिली होती. सुक्या बाजूला आभाळ फडक्यानं पुसून ठेवल्यासारखं. पावसाळा लागला हे तिथल्या लोकांना रेडिओवरनं कळायला हवं, पण तेही कळायचं नाही. कारण हवामान खात्याचं ऑफिस सुक्या बाजूला. साहेबाला ओलीत दम लागायचा आणि साहेबाच्या बायकोला बुरशीचा वास सहन व्हायचा नाही. तेव्हा साहेब सकाळी खिडकीतनं डोकं बाहेर काढायचा आणि कळवून टाकायचा, बेटावर आज हवा कोरडी राहील. ओल्या बाजूचे लोक गुडघाभर पाण्यात उभं राहून हे ऐकायचे आणि साहेबाच्या घराण्याचा उद्धार करायचे.

या ओल्या बाजूला थोरल्याची लाँड्री होती. थोरला म्हणजे तिघा भावंडांतला मोठा मुलगा. त्याच्याही आधीची एक बहीण होती, तिला सगळं बेट ताई म्हणायचं. आणि शेवटी धाकटा. बापानं धंदा काढला तो ओल्या बाजूला, कारण पाणी फुकट. डोंगरावरनं ओढा यायचा तो सरळ धुण्याच्या हौदात. बापाला वाटलं, झालं, लॉटरी लागली. पहिला पावसाळा आला आणि त्याला कळलं की धुणं हा अर्धाच धंदा आहे. कपडे महिना महिना वाळायचे नाहीत. गिऱ्हाईक आपला सदरा न्यायला यायचं आणि सदऱ्यावर अळंबी उगवलेली बघून परत जायचं.

मग बापानं सुक्या बाजूला एक माळ घेतला. नुसत्या दोऱ्या आणि बांबू. धुवायचं इकडं, वाळवायचं तिकडं आणि मध्ये ट्रक. ओली बोचकी घाट चढून जायची, वाळलेल्या चादरी घाट उतरून यायच्या. जगात कुठली लाँड्री अशी चालत असेल असं वाटत नाही, पण ही चालली. मरताना बापानं वाटणी केली. थोरल्याला हौद दिला, धाकट्याला ऊन दिलं. पोरीला काय द्यायचं, असा विचार करून तिला ट्रक दिला. म्हणजे रस्ता दिला. ती सगळ्यांत मोठी, पण वाटणीच्या वेळी बापाला तिचं वय आठवलं नाही.

ताईनं तोंडातनं शब्द काढला नाही. ती ट्रक चालवायला लागली आणि त्या दिवसापासनं दोघा भावांना तिच्याशिवाय एक रुमालही इकडचा तिकडं करता येईना.

थोरला मात्र स्वतःला धंद्याचा धनी समजायचा. त्याचं म्हणणं असं की खरी कला धुण्यात आहे. डाग बघायचा, ओळखायचा, काढायचा. रक्ताचा वेगळा, औषधाचा वेगळा, शाईचा वेगळा. "वाळवायला काय लागतं?" तो म्हणायचा. "दोरीला चिमटा लावला की देव वाळवतो. धाकटा नुसता देवाचा नोकर आहे." माझ्या हातनं न निघालेला डाग अजून जन्माला यायचाय, हे वाक्य तो गिऱ्हाइकाला सांगायचा, बायकोला सांगायचा आणि कोणी नसलं तर हौदाला सांगायचा.

लाँड्रीचं पोट भरायचं ते एका गिऱ्हाइकावर. ओल्या बाजूचं मोठं हॉस्पिटल. तिथल्या खाटांच्या सगळ्या चादरी थोरल्याकडं यायच्या आणि सोमवारी सकाळी परत जायच्या. ते खातं बघायच्या मेट्रनबाई. बाई तब्येतीनं दांडग्या, बोलायला कमी, वास घ्यायला पक्क्या. चादर आली की नाकाला लावायच्या. त्यांनी मागच्याच महिन्यात थोरल्याला सांगून ठेवलं होतं, "मशीनवाली कंपनी येऊन गेली बरं का. धुतात पण मशीनवर आणि वाळवतात पण मशीनवर. मी म्हटलं, आमचा माणूस जुना आहे. पण एक सोमवार जरी ओली चादर आली ना, मी जुनं-नवं बघणार नाही. माझे पेशंट आधीच आजारी आहेत."

हॉस्पिटल गेलं म्हणजे लाँड्री गेली, हे थोरल्याला पक्कं ठाऊक होतं. हौदात मग बदकं पाळायची.

आता कुणालाही वाटेल, असा माणूस जपून राहील. पण त्याच मेट्रनबाई एके सोमवारी चादर नाकाला लावून सगळ्या नर्सांसमोर म्हणाल्या, "बघा गं, काय सुंदर उन्हाचा वास येतोय."

उन्हाचा. थोरला तिथंच उभा होता. धुण्याचा नाही, साबणाचा नाही, उन्हाचा. त्याच्या छातीत कळ आल्यासारखं झालं. आणि ताई ट्रकला टेकून हसत होती, ते वेगळंच.

ताईनं हे धाकट्याला सांगितलं नसतं तर तिच्या पोटात दुखलं असतं. तिनं सांगितलं. धाकटा आधीच हवेत चालणारा. त्याला मिशीचा भारी अभिमान, टोकं वर वळवलेली. त्यानं एक रंगारी धरला, एक मोठी ताडपत्री आणली आणि माळाच्या तोंडाशी फलक लावला. त्यावर त्याचं स्वतःचं तोंड, तोंडापेक्षा मोठी मिशी, आणि खाली ठळक अक्षरं: आमच्या चादरींना उन्हाचा वास. हॉस्पिटलची पसंती.

थोरला सहसा घाट ओलांडायचा नाही. सुक्या हवेत त्याच्या टाचा फुटायच्या. पण हे ऐकल्यावर ट्रकमध्ये बसून आला. फलकासमोर उभा राहिला. वर बघितलं, खाली बघितलं.

"आमच्या म्हणजे कुणाच्या?" त्यानं विचारलं.

"आपल्याच की, दादा," धाकटा म्हणाला. "चहा घे."

"माझं तोंड कुठाय यात?"

"रंगारी म्हणाला जागा पुरणार नाही."

"मिशीनं खाल्ली जागा. मळ कोण काढतं रे? आणि तुला आयतं मिळतं ते ऊन, त्याचा वास?"

"मग तुझ्याच बाजूला वाळव ना, दादा. कोणी अडवलंय. शेवाळाचा वास येईल, तोही काही वाईट नसतो."

ताई बोनेटवर बसून शेंगा फोडत होती. "आणखी बोला," ती म्हणाली. "अजून ट्रक गरम आहे, गार होईपर्यंत वेळ आहे."

थोरल्यानं जाहीर केलं की आजपासनं वाटण्या वेगळ्या. त्याची एकही चादर या माळावर येणार नाही. धाकट्यानं पण तेवढ्याच जोरात सांगितलं की बरं झालं, मी इथं विहीर खणलीये, मी धुईन पण इथंच. चहा तसाच गार झाला.

थोरला तणतणत निघाला, पण ताई हलेना, शेंगा संपायच्या होत्या. तेव्हा तो शेजारच्या व्हरांड्यात जाऊन बसला. ते नेमकं हवामान खात्याचं ऑफिस. साहेब खुर्चीत पाय पसरून बसला होता. त्याच्याकडं कित्येक महिन्यांत कोणी काही विचारायला आलं नव्हतं. थोरल्यानं सहज म्हटलं, "साहेब, हा सगळा पाऊस आमच्याच टाळक्यावर का पडतो?"

झालं. साहेबाला माणूस सापडला. त्यानं खडू काढून भिंतीवर डोंगर काढला. "हे बघा, समुद्रावरनं हवा येते ती बाष्पानं भरलेली. डोंगर आडवा आला की तिला वर चढावं लागतं. वर चढली की थंड होते. थंड हवेला पाणी धरून ठेवता येत नाही. मग पाऊस. म्हणजे तुमच्या भाषेत सांगायचं तर डोंगर हवेला पिळतो. चढता चढता पिळून काढतो."

"पिळतो," थोरला म्हणाला. त्याचे डोळे चमकले. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणूस त्याला कळेल असं बोलला होता.

"बरोबर. आणि मग ती हवा पलीकडं खाली उतरते ना, तेव्हा..."

"कळलं साहेब, सगळं कळलं," थोरला म्हणाला आणि उठला. साहेब खडू हातात धरून तसाच राहिला. उरलेला अर्धा डोंगर त्यानं कुणासाठी काढायचा?

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हे. घाट चढताना थोरल्यानं डोक्यात हिशेब मांडला. खालनं हवा ओली येते. चढता चढता पिळली जाते. म्हणजे अगदी माथ्यावर पोचते तेव्हा ती पूर्ण पिळलेली असणार. तर मग धाकट्याच्या माळावर जायचंच कशाला? वाळवण माथ्यावर घालायचं, खिंडीतल्या पठारावर. जागा फुकट, वारा भरपूर, धाकट्याच्या सावलीची गरज नाही. आणि मधला अर्धा रस्ता वाचतो तो वेगळाच.

ताईला त्यानं हे मोठ्या झोकात सांगितलं.

"माथ्यावर?" ताईनं वायपरकडं बोट दाखवलं. तो तेव्हा फटाफट फिरत होता. "पावसाळ्यात मी इथं कधी हा बंद केलेला आठवत नाही मला."

"तू रस्ता बघतेस, ताई. हवा बघत नाहीस."

"समोर हात दिसत नाही इतका ढग असतो, त्यात रस्ता दिसत नाही म्हणून मी हवाच बघते."

"तो ढग म्हणजे पिळून काढलेलं पाणी. बाहेर टाकलेलं. हवा वेगळी, पाणी वेगळं. तुला शास्त्र नाही कळायचं."

ताईनं गिअर बदलला. "तुझं शास्त्र, तुझे बांबू. चादरी मात्र हॉस्पिटलच्या आहेत, एवढं ध्यानात ठेव."

तिनं अडवायला हवं होतं असं पुढं पुष्कळ जण म्हणाले. पण ती थोरल्याला पाळण्यापासनं ओळखत होती. त्याला सांगून कळायचं नाही, अंगावर पडल्यावर कळायचं, तेही आधी कुणाचं चुकलं हे शोधून झाल्यावर.

पुढच्या शनिवारी हॉस्पिटलच्या सगळ्या चादरी धुऊन निघाल्या आणि खिंडीतल्या पठारावर गेल्या. थोरल्यानं बांबू रोवले, दोऱ्या ताणल्या. उगाच एखादी चुकार सर आलीच तर म्हणून ट्रकची ताडपत्री सोडून तिचं छप्पर केलं. वाळलेल्या चादरी घाटातनं उतरताना झाकायला ट्रकला तीच एक ताडपत्री होती, पण शास्त्र पक्कं असल्यावर माणूस असल्या बारीक गोष्टी बघत नाही. त्यानं रांगेनं चादरी टांगल्या आणि पठारावर खुर्ची टाकून बसला. ताई घरी गेली.

ढग आला. येऊन बसला. बसला तो थोरल्याच्या खुर्चीला खेटूनच. तो काही वरनं पडत नव्हता, तो आडवा चालत होता, चादरीच्या आरपार. थोरल्यानं तासाभरानं एका चादरीला हात लावला. मग वाट बघितली, पुन्हा हात लावला. तो धंद्यातला माणूस, हाताला वजन कळायचं. चादर घरनं आणली त्यापेक्षा जड झाली होती. त्यानं ती पिळली, पुन्हा टांगली. पुढची पिळली. रांग संपेपर्यंत पहिली पुन्हा गळायला लागलेली. रविवारी सकाळीही तेच. त्यानं एवढी पिळापिळी केली की मनगटं सुजली, आणि डोंगर मुकाट्यानं भिजवत राहिला. पिळणाऱ्याला पिळणारा भेटला होता.

दुपारी वारा उठला आणि छपराची ताडपत्री उचलून घेऊन गेला. थोरल्यानं ती लांब दरीवरनं तरंगत जाताना बघितली, एखाद्या मोठ्या पक्ष्यासारखी. तेवढ्यात ताईचा ट्रक आला. तिनं त्याला केबिनमध्ये ओढलं, टॉवेल दिला. टॉवेल पण दमट होता.

काचेवर वायपर फिरत होता.

"साहेबानं फसवलं," थोरला म्हणाला. "पिळलेली हवा म्हणाला होता."

"थोरल्या," ताई म्हणाली, "जन्म गेला तुझा हौदावर. पिळलेलं कापड वाळलेलं असतं का रे?"

थोरल्यानं तिच्याकडं बघितलं. मग समोर बघितलं. एखाद्याला स्वतःच्याच घराचा पत्ता दुसऱ्याला विचारावा लागावा, तसं त्याचं झालं.

"पिळल्यावर वाळत घालावं लागतं," ताई म्हणाली, लहान पोराला सांगावं तसं. "ऊब लागते. हवेला पण लागत असणार. ती पलीकडं उतरते तेव्हा तापते, कान गरम होतात माझे रोज. तेच सांगत होता तुझा साहेब. तू उठून आलास."

"तू ऐकत होतीस?"

"शेंगा खाताना कान बंद होत नाहीत."

बाहेर चादरी लोंबत होत्या, बुडालेल्या माणसांसारख्या. उद्या सोमवार. मेट्रनबाईंचं नाक थोरल्याच्या डोळ्यांपुढं आलं, त्यामागं मशीनवाली कंपनी, त्यामागं हौदात पोहणारी बदकं.

"गोळा करू सगळं," ताई म्हणाली. "आणि कुठं नेऊ, ते तू बोल."

"खाली."

"खाली दोन्हीकडं आहे."

दोघांनी चिंब चादरी ट्रकमध्ये भरल्या, तरी थोरला हाताची बोटं मोडत बसला. ताईनं इंजिन चालू केलं, पण क्लच सोडला नाही.

"त्याच्याकडं," तो शेवटी म्हणाला, इतक्या बारीक आवाजात की ताईनं मुद्दाम पुन्हा विचारलं आणि त्याला पुन्हा म्हणावं लागलं.

माथा ओलांडून दोन वळणं उतरली की ढग पडद्यासारखा बाजूला होतो. ऊन अंगावर आलं. थोरल्याचे कान खरंच गरम झाले. त्याला त्या उन्हाचा इतका राग आला की डोळे भरून आले.

माळावर धाकटा दिसेना. विहिरीमागं लपला होता. आजूबाजूला एका लॉजच्या उशांचे अभ्रे टांगले होते, टांगले कसले, उभे होते. एकाला थोरल्यानं हात लावला तर तो पत्र्यासारखा वाजला. विहिरीचं पाणी खारं होतं. साबणाला फेस येईना, मळ निघेना, वर मिठाचा थर. ओल्या बाजूला सगळं पाणी सांडून आलेला वारा धाकट्याच्या विहिरीला काय देणार होता?

"हे कोणी धुतलं?" थोरल्यानं विचारलं. फार दिवसांनी त्याला जरा बरं वाटलं.

धाकटा पुढं आला. "लॉजवाला म्हणतो, उशीवर झोपलो आणि गाल सोलला," तो म्हणाला. मग त्याची नजर ट्रकमधल्या चादरींवर गेली. "आणि हे कोणी वाळवलं?"

दोघं भाऊ एकमेकांकडं बघत उभे राहिले. एकाच्या हातात मिठानं कडक झालेला अभ्रा, दुसऱ्याच्या हातातनं पाणी ठिबकतंय.

"चेहरे नंतर बघा," ताई म्हणाली. "ऊन उतरतंय."

मग तिघांनी मिळून चादरी टांगल्या. धाकटा दोरीवर असा भरभर हात चालवायचा की चादर आणि चिमटा हवेतच भेटायचे. कोपरे जुळवून, वाऱ्याच्या अंगानं तिरक्या. थोरल्यानं दोन टांगेपर्यंत त्याच्या दहा व्हायच्या. "चिमटा लावला की देव वाळवतो म्हणे," धाकटा पुटपुटला. "देवाला सांग की, तू लावलेल्या खाली पडतायत." डोंगरावरनं उतरलेला कोरडा वारा चादरींतनं सळसळत गेला आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या खडखडीत झाल्या. मेट्रनबाईंना आवडतो तो वासही त्यांत होता. थोरल्यानं कुणाचं लक्ष नाही बघून एक नाकाला लावली.

सोमवारी उजाडताना चादरी ट्रकमध्ये रचल्या आणि ताईनं विचारलं, "झाकायला काय आहे?"

वर माथ्यावर ढग तसाच बसलेला. ट्रकची ताडपत्री दरीत. उघड्या चादरी त्यातनं नेणं म्हणजे पुन्हा हौदात घालणं. सुक्या बाजूला ताडपत्री कोण ठेवतो? तिथं छत्रीसुद्धा उन्हासाठी. थोरल्यानं हळूच मान वर केली. माळाच्या तोंडाशी धाकट्याची मिशी लखलखत होती.

"नाही," धाकटा म्हणाला. "तो फलक नाही. रंगाऱ्यानं आठ दिवस घेतलेत."

"ताडपत्रीवर काढलाय," थोरला म्हणाला.

"हॉस्पिटल गेलं तर फलकावरची पसंती कुणाची ठेवणार?" ताई म्हणाली.

धाकट्यानं स्वतःच्या हातानं तो उतरवला. पण एका गोष्टीवर अडून बसला. रंग स्वस्तातला आहे, पाऊस लागला तर ओघळेल, तेव्हा चित्राची बाजू आत ठेवायची. "माझं तोंड भिजता कामा नये." वेळ नव्हता, थोरल्यानं ऐकलं. वारा उडवून नेईल म्हणून तो स्वतः ताडपत्रीवर चढून आडवा पडला. असा तो घाट चढला. पाठीवर पाऊस, पोटाखाली धाकटा.

"नीट धर," ताई वळणावर ओरडली. "नाकाकडची बाजू उडतीये त्याची."

हॉस्पिटलच्या आवारात मेट्रनबाई छत्री घेऊन उभ्या होत्या. मशीनवाल्या कंपनीचा माणूसही होता, बॅग घेऊन. बाईंनी गठ्ठ्यातनं एक चादर ओढली, उलगडली, नाकाला लावली. त्यांनी दुसरी घेतली.

"कोरड्या आहेत," त्या म्हणाल्या. "वासही आहे." मग कंपनीच्या माणसाकडं वळून, "तुमच्या मशीनला येतो का हा वास?" त्याला मशीनच्या वासाबद्दल कोणी कधी विचारलं नव्हतं. तो बॅग उघडून कागद शोधायला लागला.

"हे ऊन आमच्या धाकट्याचं," थोरला म्हणाला. म्हणताना त्याला दात उपटल्यासारखं झालं. लगेच पुढं जोडलं, "धुतलं मी."

"ते ठीक आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण ही काय भानगड?"

सगळ्यांत वरची चादर त्यांनी दोन्ही हातांनी ताणून धरली होती. तिच्यावर, मधोमध, टोकं वर वळवलेली, हातभर लांब मिशी उमटली होती. थोरल्याच्या वजनानं आणि उबेनं रंग जसाच्या तसा खाली उतरला होता.

"डाग आहे," थोरला म्हणाला. "काढतो मी."

त्यानं ती घरी नेली. साबण लावला, सोडा लावला, घासली, आपटली, उकळली. शाईचा उपाय केला, रक्ताचा केला, औषधाचा केला. मिशी थोडी फिकट झाली, पण टोकं तशीच वर. हॉस्पिटलला त्यानं पदरची नवी चादर दिली. हॉस्पिटल राहिलं, घाट राहिला, ओली बोचकी पुन्हा चढायला आणि वाळलेल्या चादरी उतरायला लागल्या. धाकट्यानं नवा फलक केला. या वेळी जागा पुरली. त्यात थोरल्याचं तोंड आहे, एका कोपऱ्यात, ओळखू येत नाही इतकं. ताईचं कुठंच नाही. तिनं विचारलंही नाही. तिनं फक्त नव्या ताडपत्रीचे पैसे दोघांकडनं वेगवेगळे घेतले.

हवामानवाला साहेब रोज सकाळी कळवतोच, बेटावर हवा कोरडी.

ती मिशीवाली चादर आता थोरल्याच्या स्वतःच्या पलंगावर असते. टाकून द्यायला जीव होत नाही, इतकी चांगली वाळलेली चादर. तो ती उलटी अंथरतो, मिशी गादीकडं करून. पण कापड जुनं होत चाललंय, पातळ. सकाळी ताई बोचकी न्यायला येते, दारातनं आत डोकावते आणि विचारते, "काय थोरल्या, धाकटा उठला का?"